चेक हातात आला म्हणजे पैसा आला नव्हे



उसाचे बिल बँकेच्या खात्यावर जमा होते. त्याचा हिशेब करायला कारखान्याचे ऑफिस आहे, बँक आहे, ऊस नियंत्रण आदेश १९६६ आहे. ऊस गाळपाला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर शेकडा १५ टक्के व्याज द्यावे लागेल, असे त्या आदेशात लिहून ठेवलेले आहे. म्हणजे उसाच्या बाबतीत निदान बोट दाखवायला कागद आहे.

पण आपल्या उमरखेड भागातला कास्तकार काही एकट्या उसावर जगत नाही. पैनगंगेच्या काठाने केळी आहे, हळद आहे, वरच्या रानात सोयाबीन आणि कापूस आहे. घरचा बैल विकावा लागतो, जुना ट्रॅक्टर काढावा लागतो, कधी बेण्याचा ऊस दुसऱ्या गावच्या माणसाला दिला जातो. हा सारा व्यवहार वावरात, बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला होतो. गिऱ्हाईक कधी नांदेडचे, कधी हिंगोलीचे, कधी आदिलाबादचे, तर कधी थेट इंदूरचे नाव सांगणारे. माल भरून होतो, ट्रकवर ताडपत्री ओढली जाते आणि शेठ खिशातून चेकबुक काढतो. "एवढी रोकड घेऊन फिरायचे दिवस राहिले नाहीत भाऊ, हा घ्या चेक. चेक म्हणजे पैसाच की!"

आम्ही इथेच सभासदांना थांबवू इच्छितो. चेक म्हणजे पैसा नव्हे. चेक म्हणजे एका माणसाने आपल्या बँकेला लिहिलेली चिठ्ठी, की अमक्याला इतके रुपये द्या. त्या माणसाचे खाते आहे का, खात्यात तेवढे पैसे आहेत का, सही त्याचीच आहे का, आणि मुळात ती चिठ्ठी त्याच्याच चेकबुकातली आहे का, या चारही प्रश्नांची उत्तरे "होय" आली तरच चिठ्ठीचा पैसा होतो. आपण मात्र चिठ्ठी हातात पडली की ट्रक सोडून देतो. मग बैल गेला अन् झोपा केला, अशी गत होते.

फसतात ते अडाणीच असे समजू नका

एखाद्याचा चेक परत आला की गाव म्हणते, "त्याले काही समजतच नव्हतं, म्हणून फसला." हे खरे नाही. शिकलेसवरलेले आणि मोठमोठी ऑफिसेसुद्धा यात सापडली आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईला एक प्रकार उघडकीला आला. खुद्द मंत्रालयातल्या शालेय शिक्षण खात्याच्या बँक खात्यातून बनावट चेक, बनावट सह्या आणि बनावट शिक्के वापरून ४७ लाखांवर रुपये काढून घेतले गेले होते. जिथे राज्याचा कारभार चालतो तिथली ही गोष्ट. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये अयोध्येच्या श्रीराम जन्मभूमी ट्रस्टच्या खात्यातून नकली चेक लावून दोन वेळा मिळून ६ लाख रुपये निघाले. तिसरा चेक ९ लाख ८६ हजारांचा आला, तेव्हा बँकेने ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांना फोन करून विचारले, "हा चेक तुम्ही दिला आहे काय?" "नाही" असे उत्तर आले आणि पैसे वाचले. अस्सल चेक ट्रस्टच्या ऑफिसात होते आणि त्याच नंबरचे नकली चेक बँकेत पोचले होते.

या दुसऱ्या गोष्टीतला धडा लक्षात ठेवा. दोन चेक नजरेखालून निघून गेले, तिसरा एका फोनने पकडला. कागद कितीही चांगला नकली बनवता येतो, पण एक साधी विचारपूस त्याला उघडे पाडते.

दुसरा प्रकार याहून साधा आहे. त्यात चेक खरा असतो, सही खरी असते, फक्त खात्यात पैसे नसतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. रोकड मिळेना, म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजारात व्यापाऱ्यांनी चेकने पैसे द्यायला सुरुवात केली. त्यातले काही चेक न वटता परत आले. कांदा तर कधीच परगावी गेला होता. शेतकऱ्याच्या हातात राहिला तो बँकेचा परतीचा मेमो, आणि नशिबी आले बँक, व्यापारी आणि बाजार समिती यांच्याकडचे हेलपाटे.

म्हणून चेक घेताना दोन गोष्टी तपासायच्या. एक, कागद खरा आहे का. दोन, कागदामागचा माणूस आणि त्याचे खाते खरे आहे का. पहिली गोष्ट डोळ्यांनी तपासता येते. दुसरी विचारपूस करून आणि थोडा धीर धरून.

कागद कसा पाहावा

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना चेकचा एकच नमुना ठरवून दिला आहे. त्याला सीटीएस-२०१० म्हणतात. या नमुन्यात न बसणारे जुने चेक १ जानेवारी २०१९ पासून या क्लिअरिंगमध्ये चालत नाहीत. तेव्हा चेक हातात आला की घाईने घडी घालून खिशात टाकू नका. चष्मा लावा, उजेडात या आणि पुढील गोष्टी एक एक करून पाहा.

चेक उन्हाकडे धरा. नोटेत जसे पाण्याचे चिन्ह दिसते, तसे चेकच्या कागदात "सीटीएस इंडिया" अशी इंग्रजी अक्षरे अंधुक दिसली पाहिजेत. ती वरून छापलेली नसतात, कागदातच असतात. उजेडात न धरताच ती ठळक दिसत असतील तर संशय घ्या.

डाव्या कडेला, जिथून चेक बुकातून फाडतात तिथे, बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव आणि "सीटीएस-२०१०" असे उभे छापलेले असते. ती कड एका बाजूने फाडल्यासारखी, बारीक दातऱ्यांची लागते. चारही बाजू कात्रीने कापल्यासारख्या गुळगुळीत असतील तर हा चेक चेकबुकातून आला की छापयंत्रातून, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

चेकच्या पार्श्वभूमीत एक खुबी असते. साध्या डोळ्यांना तिथे नुसती फिकट नक्षी दिसते, पण त्याची रंगीत झेरॉक्स काढली की नक्षीतून "रद्द" किंवा "नक्कल" या अर्थाचा इंग्रजी शब्द उमटतो. असा शब्द पुसट का होईना पण दिसत असेल, तर तुमच्या हातात चेक नाही, झेरॉक्स आहे.

बँकेचे बोधचिन्ह अदृश्य शाईने छापलेले असते. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, नोटा तपासायच्या निळ्या-जांभळ्या दिव्याखाली दिसते. असा दिवा बँकेत असतो, मोठ्या दुकानांतही असतो. आजकाल क्लिअरिंगला कागद जात नाही, चेकचा फोटो जातो आणि कागद आपल्याच बँकेत राहतो. म्हणून आपल्या शाखेतल्या कॅशियर साहेबांना, "जरा दिव्याखाली पाहता का?" असे विचारण्यात संकोच करू नका. ते त्यांचे कामच आहे.

चेकच्या खालच्या पांढऱ्या पट्टीत वेगळ्या वळणाचे आकडे असतात. पहिले सहा आकडे चेकचा नंबर, पुढचे नऊ आकडे गाव, बँक आणि शाखा सांगतात. त्या नवातले पहिले तीन गावाचे आणि ते बहुधा पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांशी जुळतात. मुंबईचे ४००, पुण्याचे ४११, नागपूरचे ४४०. चेकवर वर शाखा नागपूरची छापली आहे आणि खाली आकडे ४०० ने सुरू होतात, असे दिसले तर थांबा आणि बँकेत विचारा. ही पट्टी यंत्र वाचते. तिच्यावर शिक्का, सही, खाडाखोड काहीही नको. शाई ओल्या बोटाने पसरत असेल तर तो चेक घरगुती प्रिंटरचा समजावा.

वर शाखेच्या पत्त्याजवळ आयएफएस कोड असतो. तो अकरा अक्षर-आकड्यांचा. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे नेहमी शून्य. शून्याच्या जागी इंग्रजी "ओ" असेल किंवा अकराच्या जागी दहा असतील, तर छापणाऱ्याने नक्कल करताना घोळ घातला आहे.

आता लिहिलेला मजकूर पाहा. नाव, रक्कम, अक्षरी रक्कम यांत खाडाखोड असलेला चेक क्लिअरिंगमध्ये चालत नाही. "इथं सही केली आहे ना, चालतं" असे कोणी म्हटले तर नवा चेक मागा. कागद एखाद्या ठिकाणी खरवडल्यासारखा, फिका किंवा डागाळलेला दिसला तर तिथली पहिली शाई औषधाने धुतली असेल. चोरलेल्या चेकवर नाव आणि रक्कम बदलण्याची ही जुनी युक्ती आहे. आकडी आणि अक्षरी रक्कम जुळते का ते मोठ्याने वाचून पाहा. कायद्याने अक्षरी रक्कम धरतात, पण बँक फरक दिसला की चेक परत करते, आणि हेलपाटा तुमच्या वाट्याला येतो.

तारीख पाहा. चेक लिहिलेल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. पूर्वी सहा महिने चालत असे, १ एप्रिल २०१२ पासून तीन महिने झाले. जुन्या हिशेबाने चेक पेटीत ठेवून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि पुढच्या महिन्याची तारीख टाकलेला चेक म्हणजे उधारी. ती द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्याला रोखीचा व्यवहार म्हणू नका.

बँकेचे नावही वाचा. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. आंध्र बँक, कॉर्पोरेशन बँक, सिंडिकेट, अलाहाबाद, ओरिएंटल, युनायटेड या १ एप्रिल २०२० ला दुसऱ्या बँकांत गेल्या. त्या नावांची जुनी चेकबुके २०२१ संपेपर्यंत बाद झाली. अशा नावाचा जुना चेक कोणी आज काढून दिला तर तो आठवण म्हणून ठेवायच्या कामाचा. तसेच एखाद्या बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले असतील तर खात्यात पैसे असूनही चेक वटत नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. अशा वेळी त्या खातेदाराच्या चेकची काय किंमत?

माणूस कसा पाहावा

कागद चोख निघाला तरी काम अर्धेच झाले. चोरीच्या चेकबुकातला चेकही अस्सलच असतो.

चेकवर छापलेले खातेदाराचे नाव आणि समोरच्या माणसाचे नाव एकच आहे का? नसेल तर हा माणूस कोण? मुलगा, मुनीम, भागीदार, की रस्त्याने भेटलेला दलाल? फर्मचा चेक असेल तर सहीखाली मालक, भागीदार किंवा संचालक असा शिक्का आहे का? ओळखपत्राचा आणि गाडीच्या नंबरचा फोटो मोबाईलवर काढून ठेवा. खरा व्यापारी याने रागावत नाही. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही काय?" असे जो म्हणेल त्याला नम्रपणे सांगा, "शेठ, विश्वास पानिपतात मेला. आम्ही फक्त नियम पाळतो."

चेकच्या कागदावरचा किंवा व्यापाऱ्याने दिलेला बँकेचा फोन नंबर वापरू नका. नकली चेकवर नंबरही नकली असू शकतो आणि पलीकडून "हो हो, चेक चांगला आहे" म्हणणारा त्याचाच सोबती असू शकतो. आपल्या शाखेतून विचारा. दुसऱ्याच्या खात्यात किती पैसे आहेत हे बँक सांगणार नाही, आणि सांगूही नये. पण शाखा खरी आहे का, असा चेक या बँकेचा असतो का, एवढे आपल्या बँकेतले लोक पाहून देतात.

चेक ५० हजारांचा किंवा त्याच्या वरचा असेल तर एक प्रश्न जरूर विचारा, "पॉझिटिव्ह पे केले का?" १ जानेवारी २०२१ पासून ही सोय सुरू झाली आहे. चेक देणारा आपल्या बँकेला मोबाईलवरून किंवा शाखेत जाऊन आधीच कळवतो की अमुक नंबरचा, अमुक तारखेचा, अमुक रकमेचा चेक अमक्याच्या नावे दिला आहे. चेक आला की बँक ते जुळवून पाहते. पाच लाखांच्या वर तर हे सक्तीचे करायची मुभा बँकांना आहे. मोठा व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याला हे माहीत नसेल असे होत नाही. तो तुमच्यासमोर मोबाईलवर ते करून देऊ शकतो. टाळाटाळ करत असेल तर तुम्हीही ट्रक भरायची टाळाटाळ करा.

चेकवर डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून "अकाउंट पेयी" लिहून घ्या, म्हणजे पैसे तुमच्याच खात्यात जातील. आणि दुसऱ्याच्या नावचा चेक "तुम्ही घेऊन टाका, मी मागे सही करतो" असे म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका.

डिमांड ड्राफ्टबद्दलही तेच. "ड्राफ्ट तर बँकेचाच असतो" म्हणून लोक बिनधास्त होतात. ड्राफ्टही नकली निघतात. १५ सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टवर तो विकत घेणाऱ्याचे नाव छापलेले असते. ते नाव नसेल, किंवा ते नाव समोरच्या माणसाशी जुळत नसेल, तर माल सोडू नका.

वार आणि वेळ पाहून येणारे गिऱ्हाईक

फसवणारा माणूस पंचांग पाहून येतो म्हणा ना! शुक्रवारी संध्याकाळी बँक बंद झाल्यावर येईल, किंवा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी येईल, कारण १ सप्टेंबर २०१५ पासून त्या शनिवारी बँका बंद असतात. नाहीतर सणाच्या आदल्या दिवशी येईल. भावात घासाघीस करणार नाही, बाजारापेक्षा दोन पैसे जास्तच सांगेल. "गाडी आत्ताच भरायची, रात्रीच निघायचं आहे," अशी घाई करेल. जास्त भाव, जास्त घाई आणि बंद बँक ही तीन लक्षणे एकत्र आली की सावध व्हा.

आणखी एक डाव आहे. समजा सौदा ८० हजारांचा ठरला. शेठ एक लाखाचा चेक देतो आणि म्हणतो, "वरचे २० हजार मला रोख द्या, ट्रकवाल्याला द्यायचे आहेत." चेक नंतर परत येतो, तेव्हा माल तर गेलेला असतोच, वर घरचे २० हजारही गेलेले असतात. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक कोणत्याही कारणाने घेऊ नये, हा सरळ नियम ठेवा.

तिसरा डाव मोबाईलचा. शेठ तुमच्या खात्यात चेक भरल्याची स्लिप दाखवतो किंवा "पैसे जमा" असा मेसेज येतो. स्लिप म्हणजे चेक पेटीत टाकल्याचा पुरावा, वटल्याचा नव्हे. मेसेज तर कोणीही कसाही पाठवू शकतो. आणि बँकेचा मेसेज खरा असला तरी चेक वटेपर्यंत ती रक्कम "क्लिअरिंगच्या अधीन" असते, म्हणजे खात्यात दिसते पण तुमची झालेली नसते. पासबुक भरून घ्या किंवा शाखेत विचारा, "पैसे काढता येतील का?" उत्तर "हो" आले तरच जमा झाले समजा.

धीर धरायला आता फार दिवस लागत नाहीत

जुन्या काळी उमरखेडला भरलेला परगावचा चेक टपालाने जायचा आणि वटून यायला आठवडे लागायचे. तेवढे दिवस केळी घडावर थांबत नाही, म्हणून लोक नाइलाजाने माल सोडून देत. ती अडचण आता उरली नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर दिवसभरात भरलेले चेक एकत्र न साठवता सतत पुढे पाठवण्याची व्यवस्था बँकांत सुरू झाली आणि चेकचा निकाल त्याच दिवशी लागू लागला. तेव्हा "आज सकाळी चेक भरतो, वटला की गाडी भरू" हे म्हणणे अडाणीपणाचे नाही, हिशेबाचे आहे. हळद, सोयाबीन, ट्रॅक्टर, बैल यांना एक दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

आणि नाशवंत मालाला थांबायला वेळच नसेल तर चेक नकोच. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते. दोन लाख आणि त्यावरची रक्कम आरटीजीएसने मिनिटांत येते. ज्याच्या खात्यात खरेच पैसे आहेत त्याला बँक बंद असल्याची सबब सांगता येत नाही.

शिवाय माल विकताना दाद मागायला जागा राहील असे पाहा. बाजार समितीच्या आवारात लायसनदार अडत्यामार्फत विकलेल्या मालाची पट्टी असते, नोंद असते. बांधावर दिलेल्या मालाला काहीच नसते. बांधावरच द्यायचा असेल तर निदान वजन, भाव, तारीख, गाडी नंबर आणि चेक नंबर लिहून दोघांच्या सह्या घ्या. हा कागद आणखी एका कामाला येतो. एखादा नकली चेक चुकून वटला आणि पुढे तपास लागला, तर पोलीस ज्या खात्यात पैसे गेले ते खाते गोठवतात. तेव्हा "मी माल विकला, त्याचे हे पैसे" हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

चेक परत आलाच तर

घाबरू नका, पण झोपूही नका. इथे कायदा तुमच्या बाजूला आहे, मात्र त्याचे कॅलेंडर कडक आहे.

परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ सालचा. त्यात कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून आले. खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत आला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खाते बंद केले किंवा सही मुद्दाम वेगळी केली, तरी चेक देणारा सुटत नाही, असे सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे.

मुदती अशा. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे दिले पाहिजेत. नाही दिले तर ते १५ दिवस संपल्यापासून एक महिन्यात कोर्टात फिर्याद. उदाहरणार्थ, मेमो २० जानेवारीला मिळाला तर नोटीस १९ फेब्रुवारीपर्यंत. ती त्याला २५ फेब्रुवारीला मिळाली तर साध्या वर्षात १२ मार्चपर्यंत त्याची मुदत, आणि पुढच्या एका महिन्यात तुमची फिर्याद. "देतो देतो, पुढच्या आठवड्यात देतो" असे गोड बोलून हेच दिवस घालवायचे, ही त्याची खेळी असते. त्याचे फोन घ्या, पण नोटीस थांबवू नका. चेक, मेमो, लिफाफा आणि पोस्टाची पोच जपून ठेवा.

खटला कुठे चालणार, हा मोठा प्रश्न होता. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १ ऑगस्ट २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले होते की, ज्या बँकेवर चेक काढला तिच्या गावी खटला चालेल. म्हणजे इंदूरच्या चेकसाठी इंदूरला जा! शेतकऱ्याला ते परवडणारे नव्हते. २०१५ मध्ये कायदा दुरुस्त झाला. आता चेक तुमच्या खात्यात भरलेला असेल तर तुमची बँक शाखा जिथे आहे तिथल्या कोर्टात खटला चालतो. उमरखेडच्या शाखेत खाते असेल तर उमरखेडला. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववण्याचा अधिकारही कोर्टाला मिळाला आहे.

चेकच नकली असेल तर हे कलम पुरत नाही. कारण ज्याच्या नावाचा चेक आहे त्याने तो दिलाच नाही. मग सरळ पोलीस स्टेशन. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ मध्ये आणि बनावट दस्तऐवज ३३६ व पुढील कलमांत आहेत. मेसेज-मोबाईलची फसवणूक असेल तर १९३० या नंबरवर लगेच कळवा. वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा समितीकडे विचारणा करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना मोफत वकील मिळतो.

आपले चेकबुकही सांभाळा

दुसऱ्याचा चेक पाहायला शिकलो, पण आपण काय करतो? सावकाराला, ट्रॅक्टरच्या एजंटला, तोडणीच्या मुकादमाला सह्या करून कोरे चेक देतो. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की, स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी सही करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. म्हणजे तुम्ही ५० हजारांसाठी दिलेल्या कोऱ्या चेकवर त्याने पाच लाख लिहिले, तर तसे नव्हते हे दाखवायची पाळी तुमच्यावर येते. तेव्हा कोऱ्या चेकवर सही नको. चेकबुक देवघरात उघडे ठेवू नका, पाने मोजून ठेवा, एखादे गहाळ झाले तर त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा.

कातरून भिंतीवर लावा

१. चेक उजेडात धरून पाहा. पाण्याचे चिन्ह, कड, खालचे आकडे तपासा.
२. खाडाखोड, धुतलेला कागद, जुन्या बँकेचे नाव दिसले की नवा चेक मागा.
३. नाव आणि माणूस जुळवा. फोटो काढून ठेवा.
४. ५० हजारांच्या वर असेल तर पॉझिटिव्ह पे करून घ्या.
५. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक घेऊ नका, फरक रोख देऊ नका.
६. स्लिप आणि मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. बँकेत विचारा.
७. चेक वटल्यावर माल. घाई असेल तर आरटीजीएस.
८. परत आला तर ३० दिवसांत नोटीस.
९. कोऱ्या चेकवर सही कधीच नाही.

ज्या घरात कर्ता माणूस बाहेरगावी असतो तिथे माल देण्याचे काम घरच्या बाईवर किंवा म्हाताऱ्यावर येते, आणि फसवणारा नेमकी तीच वेळ साधतो. म्हणून हे पान घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. बारा महिने पाणी देऊन, राखण करून पिकवलेला माल एका कागदाच्या तुकड्यावर सोडून देण्याआधी तो कागद पाच मिनिटे नीट पाहणे, एवढाच आमचा आग्रह आहे.